पारड्याखालचं शिसं

आमच्या भागात अंगात येणं ही नवलाची गोष्ट नाही. नवरात्रात संबळ वाजायला लागला की एखादी बाई घुमायला लागते. केस सुटतात, डोळे फिरतात, चार बाया तिला धरून ठेवतात. ओटी भरली, अंगारा लावला की ती हळूहळू शांत होते, पदर सावरते आणि पहिलं काही विचारत असेल तर हे, "माय, चुलीवरचं दूध कुणी उतरविलं का?" मी याला हसत नाही. वर्षभर जे पोटात दाबलेलं असतं ते घटकाभर बाहेर पडत असेल, पडू द्यावं. पण दुसऱ्या दिवशी ती बाई तीच असते आणि तिची सासूही तीच. सप्ताहातही तसंच. काल्याच्या कीर्तनाला उपरण्याच्या टोकानं डोळे पुसणारा माणूस पुढच्या नांगरटीला शेजाऱ्याचा बांध कोरतो. त्याच्या डोळ्यातलं पाणी खोटं नसतं. बांध मात्र वीतभर सरकलेला असतो.

माझी आजी, म्हणजे आईची आई, यावर एक गोष्ट सांगायची. ती गोष्ट आमच्या हद्दीतलीच आहे. नामदेव महाराजांचं जन्मगाव आम्ही नर्सी मानतो आणि त्यांना गुरू भेटले ते औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात. दोन्ही गावं आता हिंगोली जिल्ह्यात. आजी सांगायची, नामा म्हणजे साधा भक्त नव्हता. विठ्ठल त्याच्या हातचा नैवेद्य खायचा. नामा त्याच्यापुढं रडायचा, रुसायचा, भांडायचा. एकदा सगळे संत जमले आणि मुक्ताबाईनं गोरोबाकाकांना म्हटलं, काका, तुमच्या थापटण्यानं आमची मडकी तपासून बघा. गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेवाला मात्र राग आला. गोरोबा म्हणाले, हे मडकं कच्चं आहे. मग तो रडत पंढरीला गेला, तर खुद्द विठ्ठलानंही त्याला समजावून गुरूकडं धाडलं. औंढ्याला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवानं पाय काढायला सांगितलं तर म्हणाले, जिथं देव नसेल तिथं ठेव. तो पाय उचलून ठेवील तिथं पिंड. गोष्ट संपली की आजी तिचं स्वतःचं एक वाक्य जोडायची. "वलं मडकं लई गुळगुळीत दिसतंय बाप्पा. पानी घाल, मंग कळंल."

ही गोष्ट आजी मला सांगायची, पण ती ऐकवायची असायची मामांना. मामा ओट्यावर बिडी ओढत बसलेले असायचे.

माझं आजोळ सिद्धेश्वर धरणाच्या काठावर. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, ही दोन धरणं साठच्या दशकात झाली. पाणी कालव्यानं वसमत, परभणी, नांदेडकडं जातं. ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांच्या वाट्याला काठ आला, आणि काठावरच्या भोई लोकांच्या वाट्याला मासळी. मी सांगतो तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता. तो १ मे १९९९ ला झाला, आम्ही त्याच्या दहाएक वर्षं आधी परभणी जिल्ह्यातले. भोई माणसं रात्री जाळी टाकायची. होडी असेल तर होडी, नसेल तर टायरच्या ट्यूबा बांधून त्यावर फळ्या. पहाटे रोहू, कटला, मिरगळ, कधी मरळ, कधी वांब घेऊन काठाला यायची. काठावर मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याचा काटा टांगलेला असायचा. तो काटा धरायचं काम मामांचं.

काटा मारणं म्हणजे काय हे मी तिथं शिकलो. वजनाच्या पारड्याच्या बुडाला, खालच्या अंगानं, शिशाचा एक चपटा तुकडा मेणानं चिकटवलेला होता. पाव किलोचा. रिकामा काटा दाखवायची वेळ आली तर मामा दांडीला बोटानं असा आधार द्यायचे की दोन्ही पारडी सरळ दिसावीत. मग पाच किलोचं माप टाकलं की समोरून सव्वापाच किलो मासळी पडल्याशिवाय दांडी सरळ व्हायची नाही. दर काट्याला पावशेर. दिवसाला चाळीस-पन्नास काटे. व्यापारी त्यातले चार पैसे मामांना वरून द्यायचा. तेवढ्यात मामांची संध्याकाळची दारू भागायची. मामांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आषाढीला दिंडीत जायचे आणि दिंडीत पीत नसत, हेही खरं.

मामांची धाकटी मुलगी सहा-सात वर्षांची होती. तिला फेफरं यायचं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी झटके कमी झाले होते, पण थांबले नव्हते. जो जे सांगेल ते घरच्यांनी केलं होतं. कांदा हुंगवला, गंडे बांधले, पौर्णिमेला कुठं कुठं नेलं. मग कुणीतरी सांगितलं की अमुक शहरात मैदानावर येशूची प्रार्थना सभा आहे, तीन दिवस, आजारी माणसं बरी होतात. मामा मुलीला घेऊन गेले. मामी गेल्या नाहीत, घरी दुसरं लेकरू तापलेलं होतं.

चौथ्या दिवशी मामा आले ते वेगळेच होऊन. ते सांगायचे आणि आम्ही तोंडाकडं बघत राहायचो. केवढा मांडव, पांढरा आणि निळा. पेटी, गिटार, ढोल. हजारो माणसं हात वर करून रडतायत. कुणी पडतंय, कुणी थरथरतंय. स्टेजवरच्या माणसानं सांगितलं की ज्याला नवा जन्म पाहिजे त्यानं पुढं यावं, आणि मामा मुलीला कडेवर घेऊन पुढं गेले. अंगातून वीज गेल्यासारखं झालं म्हणाले. लहान पोरासारखे रडले, जमिनीवर पडले. उठले तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यागत हलकं वाटत होतं. "म्या नवीन जन्मलो माय," असं त्यांनी आजीला सांगितलं.

आजी लसूण सोलत होती. ती म्हणाली, "आरं, पन्नाशीला आला तू. आता पुन्हा जन्मायला मह्या पोटात येतूस का काय?"

फार वर्षांनी योहानाच्या पुस्तकातला निकदेम वाचला. शिकला-सवरलेला, मोठ्या मानाचा माणूस, रात्री चोरून येशूकडं येतो आणि नवीन जन्माचं ऐकून जवळजवळ हेच विचारतो. माझ्या अडाणी आजीला त्याचा पत्ता असायचं कारण नव्हतं.

मामा गंमत करत नव्हते. दोन महिने त्यांनी दारूला हात लावला नाही. पांढरा शर्ट घालून काठावर जायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सभेतली हकिकत सांगायचे, सांगताना पुन्हा डोळे भरायचे. मी तेव्हा नववीत होतो आणि सुट्टीत तिथंच होतो. त्या रडण्याला खोटं म्हणायला माझी जीभ आजही धजत नाही. पण दोन गोष्टी त्या पांढऱ्या शर्टाआड तशाच राहिल्या. एक म्हणजे शिसं. काठावर एक म्हातारी भोईण होती, तोंडानं फटकळ. तिनं मामांची सगळी हकिकत शांतपणे ऐकली, पाटी डोक्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाली, "दादा, रडून आलास ते बेस केलंस. पन काटा तसाच हाय."

दुसरी गोष्ट गोळ्यांची. सभेत कुणीतरी मामांना सांगितलं होतं की गोळी दिली म्हणजे विश्वास कमी पडला. मामांनी घरातलं पाकीट उचललं आणि विहिरीत टाकलं. मामी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेतात जाते म्हणून निघाल्या, दवाखान्यापर्यंत पायी गेल्या, नवीन गोळ्या आणल्या आणि पिठाच्या डब्यात खाली दडवून ठेवल्या. रोज संध्याकाळी गुळाच्या खड्यात घालून पोरीला द्यायच्या. त्या दोन महिन्यांत पोरीला झटका आला नाही. मामा गावभर साक्ष देत फिरले आणि मामी चुलीपाशी गप्प बसून राहिल्या.

तिसऱ्या महिन्यात पोरीला भर दुपारी जोराचा झटका आला. मामा पाहतच राहिले. त्या संध्याकाळी ते दारूच्या गुत्त्यावर गेले ते रात्री दोघांनी उचलून आणले. पांढरा शर्ट कुठं फाटला कुणास ठाऊक. देव, सभा, नवा जन्म, सगळ्याला त्यांनी शिव्या घातल्या. पुढं तीन-चार वर्षं पहिल्यापेक्षा वाईट गेली.

मी परभणीला कॉलेजात गेलो आणि हाताला येईल ते वाचायला लागलो. मामांची गोष्ट डोक्यात होतीच, म्हणून या विषयावरचं काही दिसलं की थांबायचो. पंडिता रमाबाईंची गोष्ट तशीच सापडली. दुष्काळात आईबाप गेलेली ही बाई शास्त्र शिकली, कलकत्त्याच्या पंडितांनी तिला पंडिता म्हटलं, आणि इंग्लंडात वाँटेज इथं २९ सप्टेंबर १८८३ ला तिनं बाप्तिस्मा घेतला. इथं तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. एवढं सोसून घेतलेला धर्म, तो काही हलका नव्हता. तरीही पुढं रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं आपल्याला धर्म मिळालेला होता, ख्रिस्त मिळालेला नव्हता. १८८९ ला शारदा सदन काढून बसलेली, विधवांना शिकवणारी, जगभर नाव झालेली बाई हे लिहिते. त्या काळात विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. हा हॅस्लम बरीच वर्षं चर्चमध्ये उपदेश करत होता, आणि १८५१ साली व्यासपीठावर उभा राहून स्वतःचाच उपदेश देत असताना त्याच्या ध्यानात आलं की हे आपल्याला अजून झालेलंच नाही. कीर्तनकाराला स्वतःच्याच कीर्तनात पकडावं तसं. रमाबाईंना ते लागलं.

रमाबाईंची दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतात फिरून उपाशी पोरी गोळा केल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी पोरी आल्या. १९०५ च्या जूनमध्ये तिथं मोठी लाट उठली. वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात आणि आपल्या इकडं खासी टेकड्यांत अशाच लाटा उठल्याच्या बातम्या आल्या होत्या. मुक्तीतल्या शेकडो पोरी प्रार्थना करता करता रडायला लागल्या, पापं कबूल करायला लागल्या, तासन् तास थांबेनात. एका मुलीभोवती जाळ दिसला म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं त्या वेळच्या हकिकतींत आहे. म्हणजे माझ्या मामांच्या मांडवाच्या कितीतरी पट.

रमाबाईंनी ती लाट अडवली नाही, पण फक्त तिच्यावर विसंबूनही राहिल्या नाहीत. मुक्तीत शेत होतं, माग होते, तेलघाणा होता, छापखाना होता. रडून उठलेल्या पोरींना दळण होतं, विणकाम होतं, आंधळ्या आणि आजारी बायकांची उसाभर होती. आणि खुद्द रमाबाई त्याच सुमारास हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणायला. ते काम ५ एप्रिल १९२२ ला त्यांचा जीव गेला त्याच्या थोडंच आधी हातावेगळं झालं. छापून पूर्ण झालं १९२४ ला. लाट काही महिन्यांत ओसरली असेल. हे काम सतरा-अठरा वर्षं चाललं, आणि मधे १९२१ ला त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. ओल्या मडक्याचं आव्यात काय होतं ते बघायचं असेल तर ही सतरा वर्षं बघावीत.

वेल्सच्या त्या लाटेची एक आख्यायिका आहे, तीही मला आवडते. खाणीतले कामगार बदलले आणि त्यांनी शिव्या सोडल्या. कोळशाच्या गाड्या ओढणारी तट्टं एकाएकी चालेनात, कारण शिवीशिवाय हुकूम त्यांना समजेना. खरी असो की रचलेली असो, सांगणाऱ्यानं नेमकं तट्टाला साक्षीला उभं केलं. माणसाच्या नव्या जन्माची पारख चर्चमधल्या शेजाऱ्यापेक्षा त्याच्या जनावराला आणि बायकोला जास्त असते.

जोनाथन एडवर्ड्स नावाच्या अमेरिकन धर्मोपदेशकानं तर १७४६ ला यावर आख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या गावात अशा दोन लाटा येऊन गेल्या होत्या. रडणं, थरथरणं, तोंडी वचनं येणं, उत्साह, यातलं काहीच खरेपणाचा पुरावा नाही आणि खोटेपणाचाही नाही, असं तो शांतपणे एकेक बाजूला काढत जातो आणि शेवटी येऊन थांबतो वागणुकीवर. मला पटलं. मग कळलं की त्याच्या घरी माणसं गुलाम म्हणून विकत घेतलेली होती. म्हणजे पारडं तपासायची एवढी कसोटी लिहिणाऱ्याच्या पारड्याखालीही शिसं होतं, आणि ते त्याला दिसलं नाही. हे वाचल्यावर मामांवरचा माझा राग बराच निवळला.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट आणखी निराळी. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं नातलगांकडं वेगळ्या राहिल्या. पुन्हा नवऱ्याकडं नांदायला आल्या तेव्हा सोवळं-ओवळं सांभाळून, चूल वेगळी ठेवून राहिल्या. मग हळूहळू शिवाशिवीचा तिढा मनात सुटत गेला, कुणाच्याही हातचं पाणी गळ्याखाली उतरायला लागलं, आणि १९०० ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना वाटतं की त्यांच्याकडं मांडव नाही, वीज नाही. जे घडलं ते घागर, ताट आणि पंगत यांच्या हिशेबात घडलं.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक सिस्टर होत्या. जालन्याकडच्या. तिकडं एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हापासून जुनी ख्रिस्ती घरं आहेत. सिस्टर अशाच घरातल्या, पण केंद्रात त्यांनी कुणाला देवाधर्माचं सांगितल्याचं मी ऐकलं नाही. मामा एकदा दारूनं पोट फुगून तिथं चार दिवस पडले होते. तिथं त्यांनी सिस्टरांपुढं सभेवरचा सगळा राग काढला. म्हणाले, तुमच्या देवानं फसवलं. सिस्टरांनी सलाईनचा थेंब नीट केला आणि विचारलं, "भाऊ, गोळ्या विहिरीत कुणी टाकल्या? देवानं?" मग मामींनी गुळात गोळी दिल्याचं त्यांनीच सांगितलं, मामींना विचारून. दर महिन्याला गोळ्या त्यांच्याच हातून जात होत्या. मामा बराच वेळ छताकडं बघत राहिले.

जाताना सिस्टरांनी त्यांना नवा करार दिला आणि लूकच्या पुस्तकातली जक्कयाची गोष्ट वाचा म्हणून पान दुमडून दिलं. मामा चौथी शिकलेले, बोट ठेवून वाचायचे. जक्कय म्हणजे जकातदारांचा मुख्य, बुटका माणूस, लोकांकडून जास्तीचं उकळलेला. येशू दिसावा म्हणून झाडावर चढतो. आपल्या मराठी बायबलात ते झाड उंबर आहे, आणि औदुंबर म्हटल्यावर मामांना एकदम ओळखीचं वाटलं. येशू त्याच्या घरी जेवायला जातो. तिथं जक्कय रडला असं कुठं लिहिलेलं नाही. तो उभा राहतो आणि हिशेब सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत.

मामींच्या सांगण्याप्रमाणं मामा पंधरा-वीस दिवस काही बोलले नाहीत. जेवायचे कमी, रात्री ओट्यावर बसून राहायचे. एका पहाटे काठावर गेले, पारडं उलटं केलं, चाकूनं मेण खरवडलं आणि शिसं काढून व्यापाऱ्याच्या गल्ल्यावर ठेवलं. कुणाला काही सांगितलं नाही. व्यापाऱ्यानं त्याच दिवशी कामावरून काढलं. नवा काटेवाला आला आणि आठ-पंधरा दिवसांत शिसं पुन्हा जाग्यावर. हेही सांगितलं पाहिजे. एका माणसाचा जन्म नवा झाला म्हणून काठावरचा काटा सरळ झाला, असं काही घडलं नाही.

पुढचं मी स्वतः पाहिलं. मामांनी म्हैस विकली. मामींचा संताप मला आठवतो. "तुमच्या देवानं हात घातला तो मह्याच गोठ्यात का?" पोरीचं दूध त्या म्हशीचं होतं. मामींचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मामांनी मला वही घेऊन सोबत यायला सांगितलं, कारण आकडे मला लिहिता यायचे. अकरा घरं होती. दहा वर्षांचे काटे, दर काट्याला पाव किलो. चौपट सोडा, एकपटही म्हैस पुरत नव्हती. मामा प्रत्येक दारात उभे राहून एकच सांगायचे, काट्याला शिसं होतं, म्या लावलं व्हतं, तुम्ही सांगा किती द्यायचे. भोई माणसं घाबरायचीच. यात काही डाव असावा असं त्यांना वाटे. कुणी म्हणालं राहू द्या. एकानं लगेच मोठा आकडा सांगितला आणि मामांनी तो घासाघीस न करता वहीत लिहायला लावला, थोडे तेव्हा दिले आणि बाकी हप्त्यानं देतो म्हणाले.

फटकळ म्हातारी दारातच जाळं विणत होती. तिनं मामांच्या तोंडाकडं निरखून बघितलं.

"आज रडला न्हाईस?"

"न्हाई."

"मंग बस."

तिनं चहा ठेवला. पैसे मोजून घेतले, एक नोट फाटकी होती ती बदलून मागितली.

शेवटच्या घरी एक विधवा होती. तिचा नवरा वादळात धरणात बुडून मेलेला. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तो पाच किलो कमी पडतंय म्हनून अर्ध्या रातीला पुन्हा पान्यात जायचा. आता त्याचं वजन कोन्त्या काट्यावर करतूस?" तिनं पैसे घेतले नाहीत. मामा पुढं दर दिवाळीला तिच्या दारात जायचे, ती दार लावून घ्यायची. शेवटपर्यंत लावून घेतलं.

नंतर दोन वर्षांनी मामांनी बाप्तिस्मा घेतला. गावात बरंच बोलणं झालं. पैसे मिळाले असतील, असंही काही जण म्हणाले, पण रिकामा गोठा सगळ्यांना दिसत होता, त्यामुळं ते फार चाललं नाही. भजनी मंडळानं त्यांना टाळ देणं बंद केलं. मामांना ते लागलं, कारण चाली त्यांना सगळ्या पाठ होत्या. आजीनं भांडण केलं नाही. तिनं एकच विचारलं आणि ते मला आजवर सुटलेलं नाही. "काटा सरळ केलास, ते बरं केलंस. मंग माळ कामून काढलीस? माळेनं काय घोडं मारलं व्हतं?" मामा म्हणाले, "माळेचा काही दोष न्हाई माय. म्या तिच्याआड दडत व्हतो." आजीला ते पटलं नाही. तिनं ती माळ धुऊन स्वतःच्या गाठोड्यात ठेवली आणि वारली तेव्हा तिच्याच गळ्यात होती.

दारू मामांची एका दिवसात सुटली नाही. मधे दोनदा घसरले. एकदा तर पोळ्याच्या दिवशी. तेव्हा ते सिस्टरांकडं गेले नाहीत, की कुठल्या सभेलाही गेले नाहीत. सकाळी उठून मामींना सांगितलं की काल प्यालो, आणि रोजानं हळदीच्या कामाला गेले. व्यापाऱ्याच्या कामापेक्षा रोजंदारीत पैसे कमी होते, पण वहीतले हप्ते सहा वर्षांत फिटले. ती वही माझ्याकडं आहे. अक्षर माझंच आहे, नववी-दहावीतल्यापेक्षा जरा बरं.

मी नोकरीला लागल्यावर एकदा मुक्कामी होतो. जेवताना मामांना विचारलं, मामा, तुमचा नवा जन्म नेमका कव्हा झाला? ते विचार करायला लागले. पहिल्या सभेची तारीख, वार, मांडवाचा रंग, पुढं कोण उभं होतं, सगळं त्यांना अजून आठवत होतं. दुसऱ्या खेपेचं काही सांगता येईना. शिसं काढलं तो दिवस म्हणावा, तर त्याआधी आठवडाभर झोप नव्हती. बाप्तिस्मा म्हणावा, तर तो बराच नंतरचा.

मामी तव्यावरची भाकरी उलटवत होत्या. मागं न बघताच म्हणाल्या, "मला इचारा की. दवाखान्यातून आले त्याच्या तिसऱ्या दिवशी, सांच्याला. ह्यांनी पिठाच्या डब्यातून गोळी काढली आन् पोरीला सोताच्या हातानं दिली. गुळाबिगर. पोरगी थुकली, तर दुसरी दिली."

मामा म्हणाले, "ते व्हय. ते तर म्या इसरलोच व्हतो."